पुढचं उजवं चाक

आमच्या गावाला एक गाडी होती. गावाची, म्हणजे बसायला सगळ्यांची आणि धुवायला कोणाचीच नाही. मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेल्या गावकऱ्यांचं तिथं एक मंडळ होतं. त्या मंडळाने एका वर्षी जुनी पांढरी अँबेसेडर घेतली आणि आजारी माणसाला लांज्याला न्यायला म्हणून गावाकडे धाडून दिली. तोवर आमच्याकडे माणूस डोलीतून दवाखान्यात जायचा, आणि बरेचदा डोलीतूनच परत यायचा. गाडीच्या मागच्या काचेवर मंडळाचं नाव इतक्या ठसठशीत अक्षरांत रंगवलं होतं की ड्रायव्हरला आरशात मागचं काही दिसत नसे. मी एकदा तसं म्हटलं, तर भागोजी म्हणाला, "मागचा बघून करायचा काय गुरुजी? मागं मुंबय हाय."

भागोजी त्या गाडीचा ड्रायव्हर. मी गावातल्या शाळेचा मास्तर. ऐंशीनंतरची ती दोनचार वर्षं.

भागोजी तेव्हा पन्नाशीचा होता आणि साठीचा दिसायचा. मुंबईला गोदीत त्याने बरीच वर्षं लॉरी चालवली होती. पाठ बसली म्हणून गावी आला, तर गावाने त्याला पुन्हा स्टिअरिंगवर बसवला. कसे आहात विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "दमलंव." तक्रार म्हणून नाही. कुणी नाव विचारलं की आपण नाव सांगतो, तसं. डोळे अर्धे मिटलेले, डोक्यावर मळकी टोपी, गालात सुपारीचं खांड. सुपारी चावायचा नाही, नुसती ठेवायचा. लांज्याला जाईपर्यंत एक खांड पुरलं पाहिजे, असा त्याचा हिशेब होता.

गाडी उभी केली की तो उतरून आधी चारही चाकांपाशी जायचा आणि प्रत्येक चाकाच्या मधल्या वाटीला हाताची मागची बाजू लावून बघायचा. पोराला ताप आहे का बघतात ना, तसं. तोवर कुणी हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. गावातली पोरं त्याची नक्कल करायची. मास्तरच्या सायकलीच्या चाकाला हात लावून "दमलंव" म्हणायची. भागोजी बघायचा आणि म्हणायचा, "बरोब्बर. पण हात उलटा लावा. तळवा खोटा बोलतो."

घाई त्याला मुळात मानवतच नसे. मागे बसलेल्या कुणी "जरा जोरात" म्हटलं की सांगायचा, "घाई उतरल्यावर करायची. गाडीत बसल्यावर नाय." आमच्या गावचा रस्ता म्हणजे जांभ्या दगडावर केलेला लाल कच्चा चढउतार. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली पऱ्या, म्हणजे ओढा. लांज्याला तासभर लागायचा, आणि भागोजीला तासभरच लागायचा. पाऊस असो, उन्हाळा असो, मागे साप चावलेला असो की मंडळाचे चिटणीस असोत.

या चिटणीसांचं नाव दळवी. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. शाळेला बाकं त्यांनी दिली, कौलं त्यांनी बदलून दिली. पण गावाला काही दिलं की ते आपल्या मुठीत राहावं असं माणसाला वाटतं, तसं त्यांना वाटायचं. मंडळाचा ठरावच होता की गाडीचा कुठलाही पार्ट मंडळाच्या परवानगीवाचून बदलायचा नाही, आणि पार्ट यायचा तो मुंबईहूनच. दळव्यांच्या ओळखीचा तिथं कोणी गॅरेजवाला होता.

एका गणपतीला दळवी आणि मंडळी गावी आली. मूर्ती लांज्याच्या कारखान्यातून आणायची होती. गाडीत नऊ माणसं बसली, दहावा गणपती. परतताना पऱ्याला पाणी आलेलं, फरशीच्या पुलावरून गुडघाभर वाहत होतं. भागोजीने गाडी थांबवली. म्हणाला, पाणी उतरू दे. दळवी म्हणाले, "अरे, मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबणाराय? बाप्पा बसलाय गाडीत, काय होतंय!" बाप्पाच गाडीत म्हटल्यावर भागोजीला बोलायला जागा राहिली नाही. चाकं पार बुडवून गाडी पलीकडे आली. सगळ्यांनी मोरया केला. भागोजी उतरला, चाकांना हात लावला आणि मला एवढंच म्हणाला, "पाणी चाकात गेला, गुरुजी. आता तो ग्रीस खाणार, आणि ग्रीस संपला की लोखंड."

दसऱ्याला आवाज सुरू झाला. आधी नुसतं गुणगुणल्यासारखं. लोकांना बरं वाटलं, गाडी रंगात आली म्हणाले. दिवाळीपर्यंत त्याची घरघर झाली. गाडी डावीकडे वळली की वाढायची, उजवीकडे वळली की कमी व्हायची. त्यावर भागोजीने पुढचं उजवं चाक ओळखलं. एक दिवस शाळा सुटल्यावर त्याने मला गाडीपाशी नेलं, चाक जॅकवर उचललं आणि माझे दोन्ही हात धरून एक चाकाच्या वर ठेवला, एक खाली. "हलवा." मी हलवलं. टक टक झालं. पडायला आलेल्या दातासारखं चाक हलत होतं.

"आतला बेअरिंग गेलाय," तो म्हणाला. "छर्रे झिजलेत. आता असा हाय, की आज घरघरताय, उद्या तापेल, स्टिअरिंग हातात थरथरेल. मग एखाद दिवस चाक जागच्या जागी धरेल, नायतर सरळ निघून जाईल. माणसा म्हणतील ब्रेक लागला नाय, ड्रायव्हर प्यायलेला व्हता."

"मग काय करायचं?"

"लिवा."

गावात फौंटनपेन असलेल्या माणसाला पत्रं लिहावी लागतात, तशी मंडळाची पत्रंही मलाच लिहावी लागत. भागोजी शाळेच्या पायरीवर बसला आणि सांगू लागला. "पुढच्या उजव्या चाकाचा बेअरिंग गेलाय. चाक निखळणार. निखळला की गाडी पऱ्यात जाणार नि आतली माणसा मरणार. बेअरिंग लगोलग धाडा. नायतर गाडी उभी करायला सांगा, मी चावी देतंव."

मी लिहिलं. काय लिहिलं ते मला आजही तोंडपाठ आहे. "सदर वाहनाच्या पुढील उजव्या चाकातून अल्पसा ध्वनी येत असल्याचे चालकाचे निरीक्षण आहे. तरी आपल्या सवडीने योग्य ती दुरुस्ती होणे इष्ट वाटते."

का लिहिलं असं? मरणार, निखळणार असे शब्द वडीलधाऱ्या माणसांना पत्रात लिहायचे नसतात, असं मला वाटलं. शिवाय शाळेला आणखी एक खोली हवी होती. भागोजीला लिहिता येत नव्हतं, फक्त सही यायची. तो म्हणाला, वाचून दाखवा. मी कागद समोर धरला आणि त्याचंच बोलणं त्याला परत म्हणून दाखवलं. मरणार, निखळणार, सगळं. तो म्हणाला, "बरोब्बर," आणि खाली सही केली.

उत्तर आलं नाही. माघात पुन्हा एक पत्र झालं. पुन्हा त्याने तेच सांगितलं, पुन्हा मी तेच केलं. या वेळी कार्ड आलं, "मे महिन्यात समक्ष येऊ तेव्हा पाहू. तोवर चालकाने गाडी जपून चालवावी." हे मात्र मी जसंच्या तसं वाचून दाखवलं.

"जपून म्हंजे किती?" भागोजी म्हणाला. मग बराच वेळ सुपारी या गालातून त्या गालात करत बसला.

तेव्हापासून त्याने लग्नं बंद केली, बाजार बंद केला. फक्त आजारी माणूस, आणि तोही बैलगाडीच्या चालीने. लोक चिडले. कोणी म्हणालं, अंगात आळस मुरलाय. कोणी म्हणालं, आवाज येतोय म्हणजे गाडी चालू हाय, आवाज बंद पडला तर घाबर. भागोजी कुणाला समजावत बसला नाही. "गुरुजींनी लिवलंय मुंबयला," एवढंच सांगायचा.

चैत्र संपत आला होता. रविवार, दुपारची वेळ. शांताराम माझ्या दारात धावत आला. त्याची बायको सुमन पहाटेपासून अडली होती, सुईणीने हात टेकले होते. थोरली मुलगी वंदना माझ्याकडे चौथीत, तिच्या पाठीवर हे दुसरं. आम्ही दोघे भागोजीकडे गेलो. तो उठला, टोपी घातली आणि शांतारामाला म्हणाला, "नेतंव. पण माझ्या चालीनं. कबूल?" शांताराम हो म्हणाला. त्या वेळी तो कशालाही हो म्हणाला असता.

मागच्या सीटवर सुमन, तिचं डोकं सासूच्या मांडीवर. पुढे भागोजीशेजारी शांताराम आणि मी. गाडी निघाली आणि घरघर सुरू झाली. एवढ्या जवळून एवढा वेळ मी ती प्रथमच ऐकत होतो. पायाखालच्या पत्र्यातून ती गुडघ्यापर्यंत यायची. पहिल्या चढाला शांताराम म्हणाला, "काका, जरा जोरात घ्या ओ." मागून सुमन ओरडली की शांताराम पुन्हा म्हणायचा, आणि भागोजीच्या मानेवर घाम दिसायचा, पण गाडी वाढायची नाही.

मधल्या उताराला जळका वास आला. भागोजीने गाडी आंब्याखाली घेतली. चाकाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. जॅक लावला, वाटी ठोकून काढली. आतलं ग्रीस वितळून चहासारखं पातळ होऊन बाहेर आलं. त्याने ग्रीसचा डबा उघडला. तळाला पुसायलाही नव्हतं.

"भाड्या, तुला हळू जायला सांगितला कोणी?" शांतारामाने त्याची गचांडी धरली. "मरू दे चाक, जोरात ने!"

"चाक मरणार नाय रे," भागोजी म्हणाला. "चाक गेला तर आपण मरू. तीपण. हळू गेलो तर पोचू तरी."

मागचं दार उघडलं. शांतारामाची आई उतरली, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. कोकमाच्या तेलाचे दोन गोळे होते. आमच्याकडे हे तेल थिजवून मुठीत वळून ठेवतात. पायाच्या भेगांना लावायचं, आणि बाळंतिणीच्या अंगाला. म्हातारीने ते बाळंतपणाच्या बोचक्यात घेतलं होतं.

"ह्या घाल त्याच्यात," ती म्हणाली.

"वयनी, ह्या बाळंतिणीचा हाय."

"आधी बाळंतीण तर होऊ दे बाबा."

भागोजीने एक गोळा फोडून बोटांनी चाकात दाबदाबून भरला. चाक थंड व्हायची वाट बघत आम्ही उभे होतो आणि गाडीत सुमन कण्हत होती. मला त्या वेळी सांगता आलं असतं. शांताराम, याचा दोष नाही, हा ओरडून सांगत होता, मीच पत्रात त्याचं 'सवडीने' केलं. मी पऱ्याकडे बघत उभा राहिलो.

कोकमाचं तेल उष्णतेला कितीसं टिकणार? दोनतीन मैल गेलं की वितळून वाहायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा भरायचं. दुसरा गोळाही संपला. शेवटचा मैल भागोजीने गाडी जवळजवळ चालत नेली. एक हात स्टिअरिंगवर, मान खिडकीबाहेर, नजर त्या चाकावर. तासाच्या वाटेला अडीच तास लागले.

लांज्याच्या डॉक्टरीणबाईंनी सुमनला वाचवली. मुलगा झाला होता, तो रडलाच नाही. बाहेर येऊन बाई हात पुसत म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं." त्या सहज म्हणाल्या, पण शांतारामाने तेवढंच ऐकलं. भिंतीला टेकून बसलेल्या भागोजीकडे त्याने एकदा बघितलं, आणि त्यानंतर त्याच्याशी तो आयुष्यात बोलला नाही.

गाडी तिथल्याच एका मेकॅनिककडे ढकलत नेली. त्याने हब उघडला तसे छर्रे त्याच्या हातावर पडले. दोन फुटलेले, बाकीचे चेचलेले. ते धरून ठेवणारं कडं तुकडे होऊन बाहेर आलं, आतला दांडा निळा पडलेला. मेकॅनिक म्हणाला, "ही इथवर आणली कशी? उताराला वेग असता, तर चाक पुढं नि तुमी पऱ्यात." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने रत्नागिरीहून नवं बेअरिंग आलं. मंडळाला कोणी विचारलं नाही, आणि नंतर कोणी जाबही विचारला नाही. एवढं सोपं होतं ते.

मे महिन्यात दळवी आले. शाळेच्या पडवीत सभा भरली. शांताराम सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या ड्रायव्हरनं माझा पोरगा मारलान." कोणीतरी भागोजीची बाजू घेतली, चाक नादुरुस्त होतं म्हणे, मुंबईला कळवलंही होतं. दळव्यांनी बॅगेतून फाइल काढली आणि माझी दोन्ही पत्रं मोठ्याने वाचली. अल्पसा ध्वनी. सवडीने. इष्ट. मग भागोजीपुढे कागद धरून विचारलं, "ही सही तुझीच ना? तू असंच सांगितलं होतंस?"

भागोजीने कागदाकडे बघितलं नाही, वाचता येत नव्हतंच. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या शब्दांवरून त्याला सगळं कळलं होतं. डोळे नेहमीसारखे अर्धे मिटलेले. मी उठायचं ठरवलं, खरंच ठरवलं होतं, पण उठेपर्यंत तो बोललाही होता.

"व्हय. मीच तसा सांगितला."

त्याने खिशातून चावी काढून दळव्यांच्या समोर ठेवली आणि निघाला.

मी त्याला वाटेत गाठलं. काय बोललो ते नीट आठवत नाही. माफी मागितली असेन, परत सभेत जाऊ, मी खरं सांगतो, असंही म्हटलं असेन. तो थांबलासुद्धा नाही, चालता चालताच बोलला.

"शांतारामाला कोणावर तरी राग धरायचा हाय, गुरुजी. माझ्यावर धरलान तर चालेल, माझी काय पोरा शाळेत नाय. तुमच्यावर धरलान तर उद्या वंदीला घरात बसवील. तिला त्या स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवलीत ना तुमी?"

"हो, पण भागोजी..."

"मग झाला तर. आता घरी जा. मी दमलंव."

त्यानंतर त्याने गाडी चालवली नाही. चिपळूणच्या पलीकडे लोट्याला कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर हवे होते, मी त्याला सुचवलंही. तो नको म्हणाला. पुढे तिकडेच मुलीकडे राहायला गेला, जावई कारखान्यात होता. गावात त्याचं नाव निघालं की लोक म्हणत, हळू चालवून पोर मारलं त्याने. मीही तिथेच असायचो.

चार वर्षांनी लांज्याच्या स्टँडवर तो मला दिसला. बाकावर बसला होता, पायाशी पिशवी. टोपी तीच होती की तसलीच दुसरी, कोण जाणे. मी जवळ गेलो. तो म्हणाला, गावच्या घराचं कागदाचं काम होतं, झालं, आता परत येणं होईलसं वाटत नाही. तेवढ्यात शांताराम आणि सुमन समोरून आले, बरोबर वंदना. ती आता लांज्याच्या हायस्कुलात होती, दोन वेण्या, निळं परकर-पोलकं. भागोजीला बघून शांतारामाने मुलीचा दंड धरला आणि तिला पलीकडच्या खांबाकडे ओढून नेलं. सुमनने पदर पुढे घेतला. भागोजी बाकावरून उठला, सुमनला बसायला जागा व्हावी म्हणून. ती बसली नाही.

तो उभाच राहून वंदनाकडे बघत होता.

"कितवीत गेली?"

"आठवीत. वर्गात पहिली असते."

"असा," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो पोरगा वाचला असता तर यंदा बालवाडीत घातला असतानी. मी रोज मोजतंव. गुरुजी, चाक गेला असता काय हो, थोडा जोरात घेतला असता तर? मेकॅनिक म्हणाला ता तुमी ऐकलात ना? खरा बोलला ना तो?"

"खरं बोलला," मी म्हणालो. "गेलं असतं. सगळे गेलो असतो."

"ह्या त्याला कोणीतरी कवातरी सांगायला हवा. मी जाईपर्यंत नको. मग सांगा."

चिपळूणकडे जाणारी एसटी लागली. गर्दीत तो मागून चढला. खिडकीशी जागा मिळाली नसावी, दिसला नाही. गाडी वळून हायवेला लागेपर्यंत मी तिथेच उभा होतो. धूळ खाली बसली तसा शांताराम खांबापासून माझ्यापाशी आला.

"काय म्हणत व्हता तो?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, "पावसापाण्याचं विचारत होता."